वेगळी रांग

जूनपासून फाटकावरची ड्युटी माझ्याकडे आहे.
एक वही, लाल पेन, आणि गळ्यात शिट्टी,
जी मी शक्यतो वाजवत नाही.
विट्यात मागांची रात्रपाळी सुटते
तेव्हा आमची शाळा भरते.

परिपत्रक काचेच्या पेटीत लावलंय.
दोन वेण्या, वर बांधलेल्या, रिबीन पांढरी.
कानात रिंगा नकोत. टिकली चालेल. मेंदी सणापुरती.
ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना.
मुलांचे केस चिमटीत आले तर कापून यावेत.
चिमूट कुणाची ते लिहिलेलं नाही.
माझी बोटं जाड आहेत,
बरीच मुलं सुटतात.

माझ्यासाठी परिपत्रक नाही.
पंजाबी चालेल हो, पण साडी बरी दिसते,
असं सर एकदा म्हणाले, हसून.
ते हसणं मी रोज सकाळी
सहा निऱ्यांत घालून खोचते.

ऋतिका भिंगारदेवे, आठवी ब,
दिवाळीनंतर आली.
वडील सेलमला गलाईच्या दुकानात,
लोकांचं सोनं वितळवायचे.
दुकान बंद झालं, घर ट्रकात बसलं,
आणि एवढ्या आकाशी कुर्त्यांत
एक मरून कुर्ता फाटकातून आत आला.

छातीवर डावीकडे बिल्ला होता कधी, तिथे टाके उसवलेले.
भोवतीचं कापड दोन उन्हाळ्यांनी विटलेलं,
तेवढा गोल मात्र गडद, कालच दुकानातून आणल्यासारखा.
सुईच्या भोकांतून अक्षरं अजून वाचता येत होती,
म्हणजे तिला. मला नाही.

काय लिहिलंय गं?
तिने वाचलं. मग म्हणाली,
म्हणजे बाई, उजेड... नाही, उजेड नाही,
उजेडाच्या आधीचं असतंय ना, ते.
मी म्हटलं, बरं. रांगेत जा.
त्या रांगेत.

त्या रांगेला नाव नाही, सगळे नुसतं बोट दाखवतात.
झेंड्याच्या खांबाजवळ, सगळ्यांकडे तोंड करून.
पहिल्या दिवशी तिच्यासोबत पायमोजे विसरलेला एकजण होता.
पुढे ती एकटीच.
प्रतिज्ञेला एक हात समोर धरायची,
दुसरा त्या गोलावर.

शिकलगार टेलरना मी स्वतः विचारलं.
मुबारकभाई मापाची टेप गळ्यातून काढून म्हणाले,
आकाशी संपलंय बाई, इचलकरंजीहून यायचंय,
पंधरा दिवस धरा.
पंधरा दिवस! बाहेर अख्खं गाव खटक-खटक कापड विणत होतं.
तिची आई त्यातलेच चार माग बघते.
पण तिच्या हातचं कापड कोरं असतं,
त्याला रंग दुसऱ्या गावात चढतो.
कोऱ्या कापडाची शाळा कुठली, हे अजून ठरलेलं नसतं.

वहीत शेवटचा रकाना आहे: कारण.
मी 'रंग' लिहिलं. खोडलं. 'कापड' लिहिलं.
ते लाल पेनात जरा जास्तच ठळक दिसलं.

मग एका सोमवारी ती गणवेशात आली असणार.
असणार म्हणते, कारण मला ती सापडली नाही.
सहाशे आकाशी पाठी, बाराशे वेण्या,
मी पायरीवर उभी राहून एकेक चेहरा बघत होते,
वहीत लिहायला कुणीच नव्हतं,
आणि सर लांबून मान हलवत होते, समाधानाने.

नळावर दिसली, मधल्या सुट्टीत.
तोंड धुऊन रुमाल काढताना
कुर्त्याचा खिसा उलटा होऊन बाहेर आला.
आतलं कापड मरून.
आणि बरोबर मध्यभागी तो गडद गोल,
भोकांसकट.

आईनं लावलाय, ती पटकन म्हणाली, आतून आहे बाई.
आतून आहे, मीही म्हटलं.
परिपत्रक मला पाठ आहे.
त्यात आतल्या बाजूबद्दल एक अक्षर नाही.

ती खिसा आत ढकलून पळाली.
मी नळ बंद केला,
निऱ्या ओल्या झाल्या होत्या.